टेक्श्चर्ड फ्रिंज: सलूनमधून निघताना छान, दुसऱ्या दिवशी मधोमध फाकलेली

उनाडवारा
मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता अडलोय म्हणून धागा काढतो.

पंधरा दिवसांपूर्वी टेक्श्चर्ड फ्रिंज कापून घेतली. ज्यांना हा कट माहीत नाही त्यांच्यासाठी: बाजूचे आणि मानेवरचे केस बारीक, वरचे साधारण चार बोटं लांब आणि सगळे पुढे कपाळावर आलेले. टोकं एका रेषेत नसतात, तुटक, कमीजास्त ठेवलेली असतात. वर्षभर मनात होता हा कट. केस वाढवण्यातच पाच महिने गेले. सलूनमधून निघालो तेव्हा फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली आणि तो कट परत दिसलाच नाही. डाव्या भुवईच्या वर केस दोन बाजूंना फाकतात, पडदा सारल्यासारखे. तिथलीच एक बट सरळ उभी राहते. वॅक्स लावलं की ती बसते, पण मग सगळंच चिकटून कपाळावर चार-पाच दोऱ्या लोंबतात. दुपारपर्यंत तेलकट. केस सरळ, मध्यम जाड आहेत. विरळ नाहीत.

आतापर्यंत एक वॅक्स, एक जेल आणि एक मॅट क्ले (चमक न येणारी, मातीसारखी घट्ट) असे तीन डबे झाले. चौथा कोणता घेऊ? की हा कट माझ्या केसांना जमणाराच नाही?

चष्मेवाला
+१. उभ्या बटेचं सोडलं तर बाकी सगळं माझंच लिहिलंय असं वाटलं. वाचतोय.

सरळरेषा
टेक्श्चर पावडर घ्या. मुळांशी चिमूटभर टाकून बोटांनी चोळायची. वॅक्स आणि जेल या कटला चालत नाहीत, दोन्हींनी केस ओले दिसतात.

कात्री_कंगवा
उनाडवारा, चौथा डबा सध्या घेऊ नका.

मी १४ वर्षं केस कापते आणि हल्ली दिवसाला दोन-तीन तरी फ्रिंज हातून जातात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दोन शंका येतात, पण आधी हे सांगा: वॅक्स लावता तेव्हा केस किती ओले असतात? न्हाल्यावर ते कसे वाळवता, ड्रायरने की आपोआप? आणि सलूनमध्ये पुढची टोकं साध्या कात्रीने तुटक केली होती, की दातेरी थिनिंग कात्री फिरवली होती?

शिवाय एक करून बघा. केस पूर्ण ओले करा आणि फणीने सगळे सपाट मागे बसवा. मग तळहात डोक्यावर ठेवून मुळांना हळूच पुढे ढकला. केस जिथून आपणहून फुटतील तिथे तुमचा भोवरा आहे. बहुतेकांना डोक्याच्या मागचा भोवराच माहीत असतो. कपाळाच्या कडेलाही असू शकतो, आणि फ्रिंजचं सगळं गणित त्याच्यावर अवलंबून असतं.

उनाडवारा
ताई, करून बघितलं. डाव्या भुवईच्या बरोबर वर, केसांच्या कडेपासून एक बोट आत. ढकलल्याबरोबर तिथे केस दोन बाजूंना पडले. पंचवीस वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

केस टॉवेलने खसाखसा पुसतो, मग आपोआप वाळू देतो. वॅक्स थोडे ओले असतानाच लावतो, म्हणजे नीट पसरेल असं वाटायचं. दातेरी कात्री फिरवली होती, नक्की आठवतंय, कारण समोर खूप बारीक केस पडत होते.

कात्री_कंगवा
मग आता सगळं उलगडलं. सविस्तर लिहिते.

आधी भोवरा. केस त्वचेतून ज्या कोनात बाहेर येतो तो कोन त्वचेखालच्या कूपाने ठरवलेला असतो. तो कापून बदलत नाही आणि कुठल्या क्लेनेही बदलत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की केस ओला असताना त्याला कुठल्या दिशेने वाळवायचं. केसाच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. केस ज्या आकारात वाळला तो आकार पुन्हा ओला होईपर्यंत टिकतो. तुम्ही केस आपोआप वाळू दिलेत, म्हणजे ते भोवऱ्याच्या मर्जीने वाळले. नंतर त्यावर तीन डबे रिकामे केलेत तरी आकार तोच राहणार.

आता काय करायचं ते सांगते. न्हाऊन आलात की टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. पाणी गळायचं थांबलं पाहिजे, पण मुळं ओलीच हवीत. आणि मग उशीर नको. चहा, फोन, कपडे सगळं नंतर. कपाळाजवळची मुळं सगळ्यात आधी वाळतात, आणि ती वाळली की भोवऱ्याने आपली दिशा धरली म्हणून समजा.

पहिली दीड-दोन मिनिटं फक्त पुढच्या दोन बोटं रुंद पट्टीला द्या. ड्रायरला चपटं नोझल, मध्यम उष्णता, अंतर साधारण १५ सेंमी, आणि हवा वरून खाली, कपाळाच्या दिशेने. एका हाताची बोटं पसरून भोवऱ्यावरचे केस कपाळाला लागून डावीकडे ओढा आणि मुळांवर पाच-सहा सेकंद हवा सोडा. मग तेच केस उजवीकडे ओढून तेवढीच. परत डावीकडे, परत उजवीकडे, मुळं पूर्ण कोरडी होईपर्यंत. दोन्हीकडून ओढल्यावर मुळांना एक ठरलेली बाजू उरत नाही आणि केस सरळ खाली पडतात. शेवटी ड्रायरचं थंड हवेचं बटण दाबून दहा सेकंद बोटांनी तसेच धरून ठेवा. गरम केस अजून वाकतो, थंड झाला की बसतो. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात दहा मिनिटांत फाकले.

बाकीचं डोकं नंतर. मागच्या भोवऱ्यापासून सगळे केस पुढे ढकलत, बोटांनी विस्कटत वाळवायचे. इथे कंगवा घेऊ नका. कंगव्याने केस एका पातळीत येतात आणि सगळं टेक्श्चर जातं.

दुसरी शंका थिनिंग कात्रीची, आणि तुमची उभी बट बहुधा तिचीच देणगी आहे. ही कात्री मुळांच्या फार जवळ चालवली की आत आखूड केसांचे खुंट तयार होतात, आणि ते वरच्या लांब केसांना उचलून धरतात. भोवऱ्यावर तर हे करूच नये. तिथले केस स्वतःच्या वजनाने खाली राहतात. वजन काढून घेतलंत की ते उभे राहणारच. याला आज उपाय नाही. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंमी वाढतात. पाच-सहा आठवडे ती जागा कुणालाही कापू देऊ नका.

सरळरेषा
ताई, फार छान लिहिलंय, पण पावडरचा सल्ला चुकीचा होता का? मला तरी तिचाच फायदा झाला.

कात्री_कंगवा
चुकीचा नाही. फक्त ती शेवटी यावी. या पावडरीत मुख्यतः सिलिका असते, ती केसांमध्ये घर्षण वाढवते, म्हणून केस एकमेकांवरून घसरत नाहीत आणि फुगीर दिसतात. पण ती पूर्ण कोरड्या केसांवरच टाकायची. ओल्यावर टाकली तर गोळे होतात. आणि मुळांशी टाकायची, टोकांना नाही. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. जास्त झाली तर केसांत बोट फिरत नाही आणि न्हाताना शाम्पू दोनदा लावावा लागतो.

उनाडवारांच्या केसांना मी असं सांगेन: ओलसर केसांवर सी सॉल्ट स्प्रेचे (मिठाच्या पाण्याचा स्प्रे) तीन-चार फवारे, मग वर लिहिलंय तसं वाळवणं, मग वाटाण्याच्या निम्म्याएवढी मॅट क्ले. क्ले तळहातांवर इतकी चोळायची की ती दिसेनाशी झाली पाहिजे. आधी हात मागच्या केसांत घाला, मग वर, आणि बोटांवर जे उरेल तेवढंच फ्रिंजच्या टोकांना. बहुतेक जण बरोबर उलट करतात: डबा उघडतात आणि पहिला हात कपाळावर. कपाळाची त्वचा तेल सोडतेच, त्यात सगळ्यात जास्त माल तिथेच पडतो. तुमच्या त्या चार-पाच दोऱ्या अशाच तयार होतात.

केस बारीक आणि लुळे असतील त्यांनी सॉल्टऐवजी मूस (फेसासारखा येतो तो) मुळांना लावून वाळवावं. सॉल्ट स्प्रे रोज मारला तर केस कोरडे, खरखरीत होतात. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

शिलालेख
वाचनखूण साठवली.

अवांतर, पण विषयाला धरून. कपाळावरच्या बटांकडे इतक्या बारकाईने बघणारे आणखी एक लोक आहेत, रोमन शिल्पांचे अभ्यासक. सम्राट ऑगस्टसचे पुतळे कुठल्या नमुन्यावरून घडवले हे ते कपाळावरच्या बटांच्या मांडणीवरून ओळखतात. १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे सापडलेला आणि आता व्हॅटिकनमध्ये असलेला संगमरवरी पुतळा बघा. कपाळावर एका ठिकाणी बटा दोन बाजूंना फाकलेल्या आहेत आणि शेजारी दोन बटा चिमट्यासारख्या एकमेकींकडे वळलेल्या. हीच जोडी त्या नमुन्याच्या इतर पुतळ्यांवरही सापडते. म्हणजे फाकलेली फ्रिंज तिथे ओळखीची खूण झाली आहे. उनाडवारा यांचं वर्णन वाचल्यावर पहिलं तेच आठवलं.

कुरळ्या_वाटा
इथे सगळे सरळ केसांचंच बोलताहेत, म्हणून माझा अनुभव. माझे केस स्प्रिंगसारखे कुरळे आहेत. पहिल्यांदा फ्रिंज कापली ती ओल्या केसांवर, भुवईपर्यंत. वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर येऊन बसली. दोन महिने मला स्वतःचे फोटो बघवत नव्हते.

ओला केस ताणला जातो, आणि कुरळ्या केसात वाळल्यावर वेटोळी परत वर सरकतात. आता मी ताणून कापूच देत नाही. केस धुऊन, आपल्या आकारात पूर्ण वाळवून जायचं आणि वेटोळं वेटोळं बघून कापून घ्यायचं. ड्रायरला डिफ्युझर (हवा पसरवणारं रुंद तोंड) लावायचा, मंद हवा, आणि केसांना हात लावायचा नाही. पावडर आणि सॉल्ट दोन्ही माझ्याकडे बंद, कारण कोरडेपणा आधीच खूप. ओल्या केसांत लीव्ह-इन क्रीम (लावून न धुता ठेवायचं), बस.

कात्री_कंगवा
कुरळ्या_वाटा, शंभर टक्के बरोबर, आणि सरळ केसांनाही हे थोडं लागू आहे. निरोगी ओला केस ताणला तर ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. ओल्या बटेला बोटांत ओढून कापलं की वाळल्यावर ती ठरवल्यापेक्षा आखूडच होणार. म्हणून मी बाजू आणि मागचा आकार ओल्या केसांवर काढते, पण फ्रिंजची शेवटची लांबी वाळवल्यावरच.

शेवटचा_बाक
माझे केस एकदम सरळ आणि टोकदार, कितीही वाळवले तरी काटेरी. पर्म केला (रसायनाने केसांना वळणं पाडून घेतली) तर टेक्श्चर कायमचं येईल का? कॉलेजमध्ये दोघांनी केलाय, मस्त दिसतोय.

कात्री_कंगवा
येईल, पण "कायमचं" हे फक्त त्या वाढलेल्या केसापुरतं. ड्रायर हायड्रोजन बंध बदलतो, पर्म त्याहून पक्के डायसल्फाइड बंध तोडतो. थायोग्लायकोलेटचं द्रावण ते तोडतं, केस रॉडवर गुंडाळलेला असतो, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या आकारात परत जोडतात. मुळातून येणारा नवा केस मात्र सरळच येतो. दोन-तीन महिन्यांत खाली वळणं आणि वर सरळ मुळं असं दिसायला लागतं.

ब्लीच केलेल्या केसांवर करू नकोस, तुटतात. आणि पर्म करण्याआधी फ्रिंज नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त लांब हवी, कारण वळणं पडली की ती वर जाणार. आधी महिनाभर नीट वाळवून बघ. जाड, काटेरी केसांत पॉइंट कटिंगनेही बराच फरक पडतो.

शेवटचा_बाक
पॉइंट कटिंग म्हणजे नक्की काय ताई? दातेरी कात्रीपेक्षा वेगळं?

कात्री_कंगवा
हो, आणि तो फरक कळला की सलूनमध्ये काय मागायचं ते कळेल.

साधीच कात्री. बट दोन बोटांत धरायची. कात्री आडवी न चालवता जवळजवळ उभी धरायची, टोकांकडून आत घालायची आणि अर्धा-एक सेंमी खोलीवर टिपायचं. पुढची टीप शेजारी, थोडी कमी खोल. त्याच्या शेजारची थोडी जास्त. बटेचं टोक करवतीच्या दातांसारखं होतं, पण मुळाकडचा भाग पूर्ण राहतो, त्यामुळे वजन शिल्लक राहतं. दर तीन-चार टिपांनंतर मी बट सोडून देते आणि कपाळावर कशी पडते ते बघते. पडली की परत उचलायची. वेळ लागतो. थिनिंग कात्रीने हेच दोन मिनिटांत झाल्यासारखं दिसतं, म्हणून घाईच्या वेळी हात तिकडे जातो. जाड केसांतला भार कमी करायला ती चांगलीच आहे, फक्त टोकांकडच्या अर्ध्या भागात.

आई_दोघांची
माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्यालाही हाच कट हवा होता. दिसतो छान. पण दोन महिन्यांत कपाळभर बारीक पुटकुळ्या आल्या, अगदी केसांखालीच. गालांवर काहीच नाही. कट बदलून टाकावा का? तो ऐकायला तयार नाही आणि मला त्याला दुखवायचं नाहीये.

निळी_शाई
ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करता येत नाही, पण तुम्ही वर्णन करताय तसं बरेचदा दिसतं. केसांना लावायच्या तेलकट, मेणकट गोष्टी कपाळावर उतरतात, रंध्रं बुजतात आणि केसांच्या कडेने, कानशिलांवर एकसारखे बारीक, बंद दाणे उठतात. अशा पुरळाला पोमेड ॲक्ने असंच नाव आहे. या वयात पिंपल्स असेही येतात, पण गाल स्वच्छ आणि फक्त झाकलेल्या भागात दाणे असतील तर आधी डब्याकडे बघावं.

कट राहू द्या. वॅक्स, पोमेड, तेल पुढच्या केसांना लावणं बंद करा. रात्री झोपण्यापूर्वी केसांतलं सगळं धुऊन काढायचं आणि झुलपं कपाळावरून मागे घेऊन झोपायचं, मऊ हेअरबँडने चालेल. उशीचा अभ्रा वरचेवर बदला. कपाळ दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवायचं, घासायचं नाही. दाणे फोडायचे नाहीत. फरक दिसायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर हवा. दुखरे, मोठे फोड असतील किंवा डाग पडत असतील तर थांबू नका, दाखवून घ्या.

आणि एक. डोक्यात कोंडा असेल तर या कटमध्ये तो थेट कपाळावर आणि भुवयांवर पडतो. कीटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, दोन ते चार आठवडे. लावल्या लावल्या धुतला तर उपयोग होत नाही.

आई_दोघांची
डॉक्टर, मनापासून आभार. हेअरबँडचं त्याने लगेच मान्य केलं. कट राहणार म्हटल्यावर चेहराच खुलला त्याचा.

जुनंखोड
वय ४३. कानशिलांवरचे केस मागे सरकलेत. हा कट आमच्यासारख्यांनी करावा का, की उगाच झाकल्यासारखं दिसेल?

कात्री_कंगवा
दादा, फक्त कोपरे मागे गेले असतील आणि मध्ये केस दाट असतील तर हा कट छान दिसतो. पण लांबी कमी ठेवा, कपाळाच्या मध्यापर्यंत, टोकं खूप तुटक. लांब, जड फ्रिंज ठेवली की वाऱ्यात ती उडते आणि आपण सतत हाताने सावरत बसतो. बाजू फार बारीक मारू नका. मशीनचा २ नंबरचा गार्ड म्हणजे साधारण ६ मिमी, ३ नंबर म्हणजे १० मिमीच्या आसपास. तुम्ही ३ पासून सुरू करा आणि कानाजवळ हळूहळू कमी करत आणायला सांगा. आणि चमक येईल असं काहीही लावू नका. चमकल्यावर केसांमधून त्वचा दिसते, मॅट असेल तर दिसत नाही.

मध्ये, टाळूवरही विरळ होत असतील तर मागून ओढून पुढे आणू नका.

शिलालेख
ज्युलियस सीझर नेमकं तेच करायचा. टक्कल पडत चाललं होतं म्हणून टाळूवरचे उरलेले केस पुढे विंचरायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. आखूड, सरळ पुढे घेतलेल्या केसांच्या कटला सीझर कट म्हणतात.

निळी_शाई
जुनंखोड, केस गळणं अलीकडे वाढलं असेल तर एकदा तपासून घ्या. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे, पण पुंजक्यांनी जात असतील किंवा रेषा झपाट्याने मागे सरकत असेल तर उपचार जितके लवकर तितके चांगले.

चष्मेवाला
माझे दोन प्रश्न राहिलेत. हेल्मेट आणि चष्मा. घरून निघताना सगळं नीट असतं, पोहोचेपर्यंत फ्रिंज कपाळाला चिकटलेली आणि चष्म्याच्या काचांवर टोकं.

कात्री_कंगवा
चष्म्याचं सोपं आहे. फ्रिंज कापून घेताना चष्मा सोबत न्या, वाळवून झालं की तो घालून बसा आणि मग शेवटची लांबी ठरवा. फ्रेमच्या वरच्या कडेपासून अर्धा सेंमी वर थांबायचं. काड्या जिथे कानावर बसतात तिथले केसही बघायला सांगा, नाहीतर काडी बाजूचे केस बाहेर ढकलते.

हेल्मेटसाठी: केस शंभर टक्के कोरडे असल्याशिवाय घालू नका. ओलसर असतील तर हेल्मेटच्या आत ते वाळतात आणि हेल्मेटचा आकार धरतात. क्ले निघताना लावू नका, खिशात छोटी डबी ठेवा आणि पोहोचल्यावर लावा. घालताना झुलपं हाताने मागे सारा, काढल्यावर पुढे घ्या. तरीही चिकटली असतील तर बोटांची टोकं पाण्यात बुडवून फक्त मुळं ओली करा आणि वाळेपर्यंत डावी-उजवी हलवत राहा. तत्त्व तेच. दमट दिवसांत कितीही केलंत तरी थोडी पडणारच, कारण हवेतली वाफही केसात शिरून तेच बंध सोडवते. त्या दिवशी सॉल्ट नको, थोडा हेअर स्प्रे चालेल.

सरळरेषा
माझी एक सवय सांगतो, उपयोगी पडेल. रोज डोकं धुतलं तर माझे केस झाडूसारखे होतात. म्हणून एक दिवसाआड फक्त फ्रिंज धुतो. बेसिनवर वाकायचं, पुढची दोन बोटं पट्टी ओली करायची, शाम्पूचा एक थेंब, धुवायचं, ड्रायर. चार मिनिटांत होतं. मागचे केस कालचेच, थोडे रापलेले, त्यांचा पोत उलट जास्त चांगला दिसतो. आणि तेलकटपणा तर कपाळाजवळच असतो.

कात्री_कंगवा
उत्तम. मी स्वतः सगळ्यांना हेच सांगते.

उनाडवारा
तीन आठवड्यांनी परत आलोय. प्रामाणिकपणे सगळं केलं.

पहिले चार दिवस जमलं नाही. मी ड्रायर समोरून धरत होतो, त्यामुळे मुळं उलट वर उठत होती. पाचव्या दिवशी ताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला, "हवा वरून खाली" हे वाक्य निसटलं होतं. ड्रायर डोक्यावर उंच धरला, नोझल खाली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. थंड हवा. बोटं काढली आणि फाक नव्हती. बाथरूमच्या दारात उभा राहून आईला हाक मारली, तिला दाखवलं.

उभी बट अजून आहे, पण लहान झाल्यासारखी वाटते. क्ले निम्म्याहून कमी लागते. दुपारी तेलकट होणं थांबलंय, सरळरेषा यांची बेसिनची युक्ती आता रोजची झालीये.

परवा चुलतभावाने घरीच कात्रीने ती उभी बट छाटून देतो म्हटलं. देऊ का?

कात्री_कंगवा
अजिबात नको! ती छाटली की आणखी आखूड, आणखी उभी, आणि परत दीड महिना मागे. वाचून फार बरं वाटलं हो, खरंच.

अजून तीन आठवडे थांबा. मग जा, आणि बाजू-मान तेवढी साफ करून घ्या. बाजू तीन-चार आठवड्यांनी लागतात, वरचं सहा आठवड्यांनी चालतं. दोन्ही एकदम करायची गरज नसते.

उनाडवारा
नाही देत. सलूनमध्ये नक्की काय सांगू? मागच्या वेळी मोबाईलवर एक फोटो दाखवला होता, तेवढंच.

कात्री_कंगवा
फोटो न्याच, पण समोरून, बाजूने आणि मागून असे तीन. आणि ज्याचे केस तुमच्यासारखे सरळ, मध्यम जाड आहेत अशाचे. कुरळ्या केसांचा फोटो नेलात तर तो आकार तुमच्या केसांत येणार नाही. स्वतःचाही एक न्या, कट आवडला होता त्या पहिल्या दिवशीचा काढला असेल तर. न्हाऊन, काहीही न लावता जा, म्हणजे भोवरा कापणाऱ्याला दिसेल.

बसल्या बसल्या भोवऱ्यावर बोट ठेवून दाखवा. मग एवढंच म्हणा: "इथले केस बाकीच्यांपेक्षा एक बोट जास्त लांब ठेवा, थिनिंग कात्री इथे नको. पुढची टोकं पॉइंट कट करा, आणि शेवटची लांबी वाळवल्यावर घ्या." कुणीही नीट काम करणारं असेल तर त्याला राग येणार नाही. मला तर असं सांगणारं गिऱ्हाईक आलं की हायसं वाटतं.

उनाडवारा
हे वाक्य तसंच्या तसं फोनमध्ये उतरवून ठेवलंय. पहिल्या दिवशीचा फोटोही सापडला.